देवयानीचा टोला

चामोर्शी, २ नोव्हेंबर १९५२, रविवार

नागपूरच्या वाचनमाला-संपादकांचे पत्र आले. सातवीच्या पुरवणी पुस्तकात माझा 'आपले शेजारी' हा पाठ घेतला आहे. आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण लगेच झोप आली. एकोणपन्नासाव्या वर्षी माणसाने एवढे थकून जावे काय? वैद्य म्हणतात पित्त. उजव्या भुवईच्या वर ठणकते.

रंभाला सांगितले. ती दारात तांदूळ निवडत होती.

"तुमचं नाव छापून येईन?"

"पाठाच्या शेवटी. बारीक अक्षरात."

"बारीक असलं तरी मी वाचीन."

लग्न झाले तेव्हा हिला 'ग'ची ओळख नव्हती. मीच शिकवले. आता ती माझ्याहून भराभर वाचते. हे कधी झाले ते कळले नाही. मुलगी वडशाला दिल्यापासून हिला वेळ मिळतो, त्याचा परिणाम असावा.

पाठ साधा आहे. आपला सूर्य आकाशगंगेतला एक तारा. अशी आणखी तारकाविश्वे अवकाशात आहेत. त्यांतली दोन लहान आपल्याला सर्वांत जवळ, पण ती पार दक्षिणेच्या समुद्रावरून दिसतात, चांदा जिल्ह्यातून नाही. मोठ्यांत सर्वांत जवळचे म्हणजे देवयानी नक्षत्रातले. ते दुर्बिणीशिवाय दिसते. तिथून निघालेला प्रकाश इथवर यायला साडेसात लाख वर्षे लागतात. एका वर्षात प्रकाश सहा लाख कोटी मैल चालतो, म्हणजे गुणाकार करून पाहा, असे मी मुलांना सांगतो. कोणी करत नाही.

यंदा मातीचे तेल भेसळीचे आले आहे. कंदिलाच्या ज्योतीभोवती इंद्रधनुष्यासारखे कडे दिसते. दुकानदाराला बोललो. म्हणाला, बाकी कोणाची तक्रार नाही. बाकी लोक कंदिलाकडे लक्ष देऊन पाहत नसतील.

७ नोव्हेंबर

वर्ग हसला. मी फळ्यावर गणित घालत होतो. पाठीमागे खुसखुस. वळून विचारले तर एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, तुम्ही लिवल्यावरच लिवून राह्यले." पाहिले तर दुसरी ओळ पहिल्या ओळीवर चढली होती. फळा घासून घासून करडा झाला आहे, काही उमटत नाही. तरी मला राग आला. सगळा वर्ग तासभर उभा ठेवला. घरी आल्यावर वाईट वाटले. पूर्वी मी असा नव्हतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी दिवेलागणीनंतर अंगणात उभे राहून रंभाला देवयानी दाखवली. छापून येणार तर घरच्या माणसाने पाहिलेली असावी. डोमा ढिवर तलावावरून जाळे खांद्यावर टाकून चालला होता, तोही थांबला. त्याचे घर आमच्या कुंपणापलीकडे आहे.

मी बोटाने वाट दाखवली: चार ताऱ्यांचा मोठा चौकोन, त्याच्या कोपऱ्यावरून दोन तारे पुढे, मग वर वळायचे. वीस वर्षांपूर्वी नागपूरला शिक्षकांच्या नॉर्मल स्कुलात आमच्या मास्तरांनी असेच दाखवले होते. आज मला काही दिसले नाही. मळणीचे दिवस, धूळ असते, वर धुके. तसे मी म्हणालोही.

डोमा म्हणाला, "धुकं कुठी हाय गुरुजी? आभाळ धुतल्यावानी हाय."

"तुला दिसतंय काही?"

"दिसून राह्यलं ना. कापसाच्या पेळूवानी. तिरपं."

"मले बी दिसलं," रंभा म्हणाली. मग माझ्याकडे पाहत राहिली.

लोक भिडेखातर दिसते म्हणतात. पण पेळू, आणि तिरपा, हे मी सांगितलेले नव्हते.

डोमाने विचारले, "किती दूर हाय हे?" मी साडेसात लाख वर्षांचा हिशेब सांगितला. तो म्हणाला, "मंग हा शेजारी कायचा गुरुजी? शेजारी म्हनजे हाक मारली का ओ देते तो."

"याच्याहून जवळ एवढं मोठं दुसरं कोणी नाही. म्हणून शेजारी."

"म्हनजे आपलं गाव एकटंच हाय म्हना."

रंभा म्हणाली, "गाव नाई तर टोला असन. गावापासून दूर चार घरं राह्यते तसा. टोल्यातल्या लोकायलेही आपलाच दिवा दिसत असन."

टोला हा शब्द मला आवडला. 'तारकाविश्व' म्हटले की मुले जांभया देतात.

आत जाताना उंबऱ्याला ठेच लागली. अंगठ्याचे नख फुटले. रंभाने हळद लावली. अलीकडे ती फार गप्प असते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पाठाची कच्ची छपाई तपासायला आली. छापखान्याने शाई वाचवली आहे. अक्षर फिकट, आणि ओळ मध्येच हरवते. तीनदा तपासून 'दुरुस्ती नाही' असे लिहून पाकीट बंद करत होतो, तर रंभा म्हणाली, मी एकदा वाचू? वाचू दिले. मोठ्याने वाचत गेली, आणि थांबली.

"अवो, इथी साडेसात हजार हाय."

साडेसात हजार! लाखाचे हजार. आणि मी तीनदा पाहिले होते. शाईमुळे दिसले नाही, असे म्हणालो. ती म्हणाली, "हो, शाईच खराब हाय." मग आणखी चार चुका तिने काढल्या, आणि प्रत्येक वेळी शाईलाच दोष दिला.

४ डिसेंबर, गुरुवार

लिहायचे त्राण नाही, पण आजचे लिहिले पाहिजे.

हेडमास्तर भैयाजी नागपूरचे इंग्रजी वर्तमानपत्र टपालाने मागवतात आणि जुने अंक रद्दी म्हणून शाळेत ठेवतात. आज मधल्या सुट्टीत म्हणाले, "गुरुजी, तुमच्या ताऱ्यांचं काही आलं आहे यात." अक्षरे फार बारीक होती, म्हणून त्यांनाच वाचायला सांगितले. सप्टेंबरात रोम शहरी ज्योतिर्विदांची परिषद भरली होती. तिथे एका अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की बाहेरच्या तारकाविश्वांची अंतरे आजवर धरली त्याच्या दुप्पट आहेत.

दुप्पट. देवयानी साडेसात लाखांवर नाही, पंधरा लाखांवर.

भैयाजींना कारण समजावले. काही तारे ठरावीक वेळाने लहान-मोठे होतात. त्यांवरून अंतर मोजतात. हे तारे मुळात किती तेजस्वी, हा अंदाज चुकला होता. समजा, माळावर लांब एक दिवा दिसतो. आपण म्हणतो पणती आहे, म्हणजे कोसभर असेल. पण ती पणती नसून चौपट उजेडाचा दिवा निघाला, तर तो दोन कोसांवर असला पाहिजे.

"म्हणजे दिवा ओळखण्यात चूक," भैयाजी म्हणाले. "एवढ्या मोठ्या लोकांची?"

"सगळ्यांची. माझीही."

वीस वर्षे मुलांना अर्धे अंतर सांगितले. त्यांतली काही आता बाप झाली. संध्याकाळभर ओसरीवर बसून होतो. दुःख झाले असे म्हणवत नाही. इतके दिवस ज्याला जवळचा समजलो तो त्याहून दूर निघाला, एवढेच. त्याने जागा बदलली नाही.

रात्री जेवताना भातात खडा लागला. दोन वर्षांत पहिल्यांदाच. रंभा म्हणाली, आज माझं लक्ष नव्हतं.

५ डिसेंबर

संपादकांना पत्र घातले: आकडा बदला. रंभाने लिहून घेतले, मी सही केली. माझा हात थकतो.

१३ डिसेंबर, शनिवार

संपादकांचे उत्तर आले. पाठ छापून झाला आहे. फारच आग्रह असेल तर समक्ष येऊन आधार दाखवावा. "मुलांच्या दृष्टीने साडेसात काय आणि पंधरा काय."

भैयाजी म्हणाले, "सोडून द्या. प्रकृती बघा तुमची." पण न कळत अर्धे सांगणे वेगळे आणि कळल्यावर तेच छापू देणे वेगळे. त्यांच्याकडून आठ दिवसांची रजा आणि तो अंक मागून घेतला.

रंभा म्हणते, मीही येते. हिचे डोळे दुखतात म्हणे, पाणी येते, नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचे आहे. माझ्यासमोर काल हिने तिन्हीसांजेला सुईत दोरा ओवला, एका फटक्यात! मी तसे म्हणालो. तर म्हणाली, "मले काय होते ते मले माहीत. नेता का नाई तेवढं सांगा."

एवढ्या वर्षांत तिने कधी हट्ट धरला नाही. नेतो. पण मनात आले, बायकांना डॉक्टरची हौस फार.

१६ डिसेंबर, मंगळवार. मूल स्टेशन

पहाटे बैलबंडीने निघालो. वैनगंगेवर डोंग्यात चढताना पाय चुकला, गुडघ्यापर्यंत भिजलो. डोंग्याची कड दिसली नाही, पाणी चमकत होते. मग रंभाने माझा हात धरला तो पलीकडच्या काठावरही सोडला नाही. लोक बघतील म्हणालो. म्हणाली, "मले दिसत नाई ना नीट. म्हनून धरला."

गाडीला तीन तास उशीर. बाकावर बसून लिहितो आहे. दमलो आहे.

१८ डिसेंबर, गुरुवार. नागपूर, धर्मशाळा

संपादक सज्जन आहेत, पण कामात बुडालेले. अंक पाहिला, मान हलवली.

"गुरुजी, तुमचं खरं आहे. पण पाच हजार पानं छापून पडली आहेत. ती फेकू?"

"फेकू नका. पण आता माहीत असून चूक जाऊ देता येणार नाही."

"पुढच्या आवृत्तीत बदलू."

"यंदाची मुलं पुढची आवृत्ती वाचणार नाहीत."

त्यांनी अंक पुन्हा उघडून पाहिला. मग म्हणाले, शेवटच्या पानावर शुद्धिपत्र असते, त्यात घालतो. मजकूर इथेच लिहून द्या. मी विचारले, 'हे अंतरही पुढे बदलू शकेल' असे एक वाक्य घालू का? ते हसले. "पाठ्यपुस्तकात शंका छापत नाहीत, गुरुजी."

कागद दिला. मी लिहू लागलो. दोन ओळी झाल्या आणि रंभाने न विचारता माझ्या हातातून टाक घेतला, नवा कागद ओढला आणि म्हणाली, "तुम्ही सांगा, मी लिवते." परक्या माणसासमोर! मी चिडलो, पण सांगितले. तिने लिहिले.

संपादकांनी माझा कागद पाहिला, मग तिचा. का कोण जाणे, त्यानंतर त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. जिन्यापर्यंत पोचवायला आले. "पायऱ्या तीन आहेत," असे मोजून सांगितले. नागपूरची माणसे अगत्याची असतात.

उद्या रंभाचे डोळे.

१९ डिसेंबर, शुक्रवार

तिने स्टुलावर मला बसवले. डॉक्टरांना म्हणाली, "माहे डोळे नाई. ह्यायचे पाहा."

काचबिंदू. डावा जवळजवळ गेला आहे. उजव्याला समोरचे तेवढे दिसते, बांबूच्या नळीतून पाहावे तसे. डॉक्टर बाजूने बोट आणत होते, आणि मी म्हणत होतो, अजून आणले नाही. रंभा शेजारी उभी राहून रडत होती, म्हणजे बोट कधीचे आले होते.

दिव्याभोवतीचे कडे तेलाचे नव्हते.

जे गेले ते परत येत नाही. शस्त्रक्रिया केली तर उरलेले काही वर्षे टिकेल. कदाचित.

२१ डिसेंबर, रविवार

दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. आज दुपारी धर्मशाळेच्या अंगणात ती कपडे वाळत घालत होती, तिथे जाऊन विचारले.

"तुला केव्हापासून माहीत होतं?"

"दोन वरसं झाले. तुम्ही ताटातले खडे बाजूले काढाचे सोडले, तसेच चावू लागले. तेव्हापासून."

म्हणून गेली दोन वर्षे ती तांदूळ दोनदा निवडते.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलली होती. पयल्यांदा बोलली तं तुम्ही म्हनले, काच पूस कंदिलाची. दुसऱ्यांदा म्हनले, घरात उजेड कमी हाय. मंग मी अंगनात दाखवा म्हनली तं धुकं हाय म्हनले." तिने धोतर झटकले. "तुम्ही शिकलेले. मी कितीकदा सांगाचं?"

त्या संध्याकाळी अंगणात मीच तिला नेले असे मी लिहिले आहे. पण नाही, आता आठवते, दाखवा म्हणून आठ दिवस ती मागे लागली होती. तिला माझी परीक्षा घ्यायची होती. आणि मी नापास झालो आणि आकाशाला दोष दिला.

डॉक्टर आधी भेटले असते तर डावा वाचला असता काय, हे मी त्यांना विचारले नाही. तिनेही विचारलेले नाही असे ती म्हणते. मला वाटते विचारले असावे.

उद्या दवाखान्यात भरती.

२ जानेवारी १९५३. दवाखाना

(मी सांगतो, रंभा लिहिते.)

दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे. उजव्याची शस्त्रक्रिया होऊन नऊ दिवस झाले. डॉक्टर म्हणतात ठीक आहे. ठीक म्हणजे किती, ते पट्टी निघाल्यावर.

पडून पडून कंटाळा येतो, पण या कंटाळ्यात विश्रांतीही आहे. दोन वर्षे मी सगळे दिसत असल्याचे सोंग करत होतो आणि ते सोंग आहे हे मलाच माहीत नव्हते. त्याचे श्रम झाले असतील. कपाळाचा ठणका थांबला आहे.

भैयाजींना पत्र लिहायचे. नोकरीचे ते ठरवतील. फळ्यावर लिहिता न येणारा मास्तर कोण ठेवील? मी खोटे कळवणार नाही.

रंभा विचारते, यात माझं बी थोडं लिवू का? मी म्हटले, वही तुझ्याच हातात आहे.

चामोर्शी, १९ जानेवारी, सोमवार

मी रंभा. आज त्यायनं सांगतलं नाई, माह्या मनानं लिवते. ते दमून निजले.

उजव्या डोळ्याले पयल्याएवढंच दिसते. वाढलं नाई, कमी बी नाई. हातभर अंतरावरचं मानसाचं तोंड दिसते, पन एकावेळी अर्धंच.

भैयाजीभाऊ घरी आले होते. ते म्हनले, गुरुजी, तुमाले तोंडानं तं शिकवता येते ना. ह्यांनी विचारलं, आनि फळा? भाऊ माह्याकडं पाहून म्हनले, बाईले अक्षर येते ना. वरून हुकूम येतपर्यंत चालवू, मंग पाहू. मंगचं मंग. हुकूम काय येईन ते कोनाले माहीत.

तं आज मी शाळेत गेली. आयुष्यात पयल्यांदा. लुगडं धुतलेलं नेसली. पोरं हसतीन असं वाटलं, पन कोनी हसलं नाई.

ह्यांनी पयले वर्गाले सांगतलं, का मले फळा दिसत नाई, आनि त्या दिवशी मी तुमाले उगाच उभं ठेवलं. पोरं खाली पाहू लागली. मंग ह्यांनी देवयानीचं सुरू केलं. दिव्याचं सांगतलं, पनती आनि मोठा दिवा. मोठ्या लोकायची बी चूक होते म्हनले. मंग म्हनले, बाई, लिवा.

मले बाई म्हनले. घरी तं कधी नावानं बी हाक मारत नाई, आयकलं का म्हनते.

मी खडू घेतला. पंधरा लिवलं आनि पाच शून्य मांडले. मोजून मांडले, एक बी कमी नको. खाली लिवलं, प्रकाशवर्षे. त्यातला 'र्ष' काढाले मले वेळ लागला.

एका पोरीनं विचारलं, गुरुजी, हे आता पक्कं का? ते म्हनले, आजच्या दिवसाले पक्कं. उद्या कोनी नीट मोजलं तं बदलून घ्याचं, त्यात लाज नाई.

घंटा झाल्यावर पोरं गेली. ते फळ्याजवळ आले. एवढ्या जवळ का नाक लागलं असतं. लई वेळ उभे राह्यले. मंग म्हनले, अक्षर छान आलं, रंभा.

ते जिथी पाहत होते तिथी मी काईच लिवलं नव्हतं. आकडा हातभर डाव्या अंगाले होता.

मी म्हनली, तुमीच शिकवलं ना.